अरुंद झालेल्या धमनीतील रक्तप्रवाहाचे संगणकीय प्रारूप कसे बांधावे

अँजिओग्राफीच्या अहवालात ‘७० टक्के ब्लॉकेज’ असे लिहिलेले असते, तेव्हा तो आकडा बहुधा व्यासाबद्दलचा असतो. व्यास ७० टक्क्यांनी घटला की आतली मोकळी जागा, क्षेत्रफळाच्या हिशेबाने, ९१ टक्क्यांनी घटते. तरीही त्या धमनीतून हृदयाच्या स्नायूला रक्त किती कमी पोहोचते, हे या दोन्ही आकड्यांवरून कळत नाही. ते अडथळ्याच्या लांबीवर, त्याच्या आकारावर, धमनीच्या मूळ व्यासावर आणि पलीकडचा स्नायू किती रक्त मागतो यावर ठरते. स्कॅनमध्ये दिसणाऱ्या आकारावरून दाब आणि वेग यांचा अंदाज बांधणे, हे संगणकीय प्रारूपाचे काम आहे.

द्रवगतिकीचा एक अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या आणि माटुंगा, पवई किंवा अंधेरीच्या एखाद्या महाविद्यालयात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून हा विषय घेतलेल्या विद्यार्थ्यासाठी ही मांडणी आहे. लागणारे सॉफ्टवेअर सगळे विनामूल्य मिळते: स्कॅनमधून आकार काढण्यासाठी थ्रीडी स्लायसर किंवा सिमव्हॅस्क्युलर, प्रवाह सोडवण्यासाठी ओपनफोम किंवा पुन्हा सिमव्हॅस्क्युलर, आणि निकाल पाहण्यासाठी पॅराव्ह्यू. ओपनफोम ज्यांना नवीन आहे त्यांनी आयआयटी मुंबईच्या फॉसी आणि स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पांचे साहित्य आधी पाहावे. लिनक्सची ओळख तर तेथे मराठीतूनही करून घेता येते.

आधी कागद, मग संगणक

सॉल्व्हर, म्हणजे प्रवाहाची समीकरणे सोडवणारा प्रोग्रॅम, सुरू करण्यापूर्वी उत्तर साधारण किती यायला हवे, हे हाताने काढून ठेवावे. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग संगणकाने दिलेला कोणताही रंगीत निकाल खरा मानतात.

उदाहरणादाखल ३ मिमी व्यासाची हृदयधमनी घेऊ. तिच्यात १ सेंमी लांबीचा, १.५ मिमी व्यासाचा अरुंद भाग आहे, म्हणजे व्यासाच्या हिशेबाने ५० टक्के अडथळा. विश्रांतीच्या वेळी सरासरी वेग सेकंदाला २० सेंमी धरला, तर प्रवाह मिनिटाला सुमारे ८५ मिलिलिटर होतो. रक्ताची घनता १०६० किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा आतला विरोध, ०.००३५ पास्कल-सेकंद घ्यावी. यावरून रेनॉल्ड्स अंक, म्हणजे प्रवाहातील जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर, मूळ धमनीत सुमारे १८० आणि अरुंद भागात त्याच्या दुप्पट येतो.

दादरच्या पुलावर जिना अरुंद झाला की गर्दी तुंबते आणि माणसे सावकाश चालू लागतात. रक्ताचे नेमके उलटे होते. रक्त दाबून लहान होत नाही, त्यामुळे तेवढेच रक्त चौथ्या हिश्श्याच्या जागेतून जाण्यासाठी वेग चौपट व्हावा लागतो, म्हणजे सेकंदाला ८० सेंमी. या वेगाची किंमत दोन प्रकारे मोजावी लागते. पहिली किंमत घर्षणाची. तिच्यासाठी पॉइझुईचे सूत्र वापरावे: ३२ गुणिले श्यानता गुणिले वेग गुणिले लांबी, भागिले व्यासाचा वर्ग. आपल्या उदाहरणात हे सुमारे ४०० पास्कल, म्हणजे पाऱ्याचे ३ मिमी भरते. दुसरी किंमत अडथळा संपल्यानंतरची. तेथे रक्त झोतासारखे रुंद भागात शिरते, भोवती मागे वळणारे भोवरे तयार होतात आणि गतिज ऊर्जेचा मोठा भाग वाया जातो. ही घट घनतेच्या निम्म्याला दोन वेगांमधील फरकाच्या वर्गाने गुणून मिळते. येथे ती पाऱ्याच्या १.४ मिमीच्या आसपास आहे. एकूण घट ४.४ मिमी. महाधमनीतील सरासरी दाब ९० मिमी धरला, तर विश्रांतीत या अडथळ्याची कोणी दखलही घेणार नाही.

आता प्रवाह तिप्पट करावा. श्रमाच्या वेळी, किंवा कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफीच्या कक्षात) अ‍ॅडेनोसिन देऊन बारीक रक्तवाहिन्या पूर्ण उघडल्यावर, साधारण असेच घडते. घर्षणाची घट तिप्पट होऊन ९ मिमी होते, पण झोताची घट वेगाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे नऊपट होऊन १३ मिमीवर जाते. एकूण २२ मिमी. अडथळ्यापलीकडचा दाब ६८ राहतो आणि त्याचे महाधमनीतील दाबाशी गुणोत्तर ०.७६ येते. या गुणोत्तराला फ्रॅक्शनल फ्लो रिझर्व्ह, म्हणजेच एफएफआर म्हणतात. निको पाइल्स आणि बर्नार्ड डी ब्रॉयन यांच्या १९९६ च्या अभ्यासात त्याची मर्यादा ०.७५ होती; २००९ च्या फेम चाचणीत ०.८० ही मर्यादा वापरली गेली आणि आज बहुतेक ठिकाणी तीच पाळली जाते. त्याहून कमी गुणोत्तर आले, तर अडथळा खरोखर रक्त अडवतो असे समजतात.

हे आकडे कच्चे आहेत. १ सेंमी लांबीच्या अरुंद भागात प्रवाह पूर्ण विकसित होत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष घर्षण पॉइझुईच्या अंदाजापेक्षा जास्त असते. त्रिमितीय प्रारूपाने २२ ऐवजी २६ किंवा २८ दाखवले तर नवल नाही. त्याने २२० दाखवले तर एककांत घोळ आहे.

स्कॅनमधून आकार काढताना

रुग्णाचा स्कॅन मिळवणे हा तांत्रिक भाग नसून परवानगीचा आहे. परळ किंवा भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयांशी संबंध असलेले मार्गदर्शक असले, तरी संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता घ्यावीच लागते; भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ ही दोन्ही कागदपत्रे वाचलेली असावीत. स्कॅन ज्या डायकॉम स्वरूपात मिळतो, त्या फाइलच्या शीर्षभागात नाव, जन्मतारीख आणि रुग्ण क्रमांक असतो. हे सगळे रुग्णालयातच काढून टाकलेले असावे, आपल्या लॅपटॉपवर आणल्यानंतर नव्हे. परवानगीला महिने लागू शकतात, म्हणून सुरुवात सिमव्हॅस्क्युलर गटाच्या खुल्या व्हॅस्क्युलर मॉडेल रिपॉझिटरीतील एखाद्या आकारावर करावी.

सीटी अँजिओग्राफीत एका पिक्सेलची बाजू साधारण ०.४ ते ०.५ मिमी असते. १.५ मिमीच्या अरुंद भागात म्हणजे जेमतेम तीन-चार पिक्सेल मावतात. त्यातच भिंतीत कॅल्शियम साचलेले असेल, तर ते स्कॅनमध्ये पसरून प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसते आणि मोकळी जागा आहे त्यापेक्षा लहान भासते. स्लायसरमध्ये धमनीच्या मध्यरेषेला काटकोनात छेद घेऊन एकेक छेद पाहावा. पांढऱ्याशुभ्र ठिपक्याच्या कडेला राखाडी पिक्सेलची एक ओळ दिसते. ती रक्ताची आहे की कॅल्शियमच्या पसाऱ्याची, हे आपोआप चालणाऱ्या थ्रेशोल्डिंगला, म्हणजे ठरावीक उजळपणावर सीमा आखणाऱ्या पद्धतीला, कळत नाही. तेथे हृदयरोगतज्ज्ञाला किंवा रेडिओलॉजिस्टला विचारून हाताने सीमा आखावी. स्कॅन दाखवताना निवडलेल्या उजळपणाच्या पट्ट्याची, म्हणजे ‘खिडकी’ची, रुंदी आणि मध्यबिंदू बदलला की हीच सीमा सरकते, म्हणून दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत.

यावर एवढा भर देण्याचे कारण पुन्हा हिशेबातच आहे. तिप्पट प्रवाह कायम ठेवून अरुंद भागाचा व्यास १.५ ऐवजी १.७ मिमी धरला तर एफएफआर ०.८७ येतो, आणि १.३ मिमी धरला तर ०.५३. अर्ध्या पिक्सेलच्या चुकीने उत्तर ‘काही करायची गरज नाही’पासून ‘लगेच स्टेंट’पर्यंत फिरते.

पृष्ठभाग गुळगुळीत करताना याच कारणाने हात आखडता घ्यावा. साधे लाप्लास स्मूदिंग प्रत्येक फेरीला आकार थोडा आक्रसवते. हे आक्रसणे टाळणारी तौबिन पद्धत वापरावी आणि स्मूदिंगच्या आधी व नंतर अरुंद भागाचे क्षेत्रफळ मोजून पाहावे. शेवटी, स्कॅन मिलिमीटरमध्ये असतो आणि ओपनफोम मीटरमध्ये चालतो. पृष्ठभागाला ०.००१ ने गुणायचे राहिले, तर ३ मिमीची धमनी ३ मीटरचा नळ बनते आणि रेनॉल्ड्स अंक हजारपट होतो.

मेश

मेश म्हणजे धमनीच्या आतल्या जागेचे लहान घटकांत पाडलेले जाळे. अरुंद भागात व्यासाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किमान वीस घटक असावेत आणि भिंतीलगत चपट्या घटकांचे चार-पाच थर द्यावेत. अडथळ्यानंतर निदान दहा व्यास लांबीपर्यंत मेश बारीक ठेवावा, कारण झोत तेथेच तुटतो. प्रवेशाच्या आणि निर्गमनाच्या टोकांना पाच ते दहा व्यास लांबीचे सरळ नळ जोडावेत, म्हणजे सीमेवर गृहीत धरलेल्या वेगाचा आकार अडथळ्यापर्यंत पोहोचेस्तोवर निवळतो.

एकाच मेशवर मिळालेल्या उत्तराला किंमत नाही. तीन मेश करावेत आणि प्रत्येक पुढचा मेश आधीच्यापेक्षा स्पष्टपणे बारीक असावा. घटकाची बाजू निम्मी केली की घटक आठपट होतात आणि वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागत असल्याने काम सोळापट होते. त्यामुळे तिसरा मेश शनिवार-रविवारी प्रयोगशाळा रिकामी असताना लावावा. दाबातील घट लवकर स्थिरावते, भिंतीवरचा घर्षणताण उशिरा. ताणाबद्दल काही लिहायचे असेल, तर तोही स्थिरावल्याचे दाखवावे लागते.

रक्त आणि भिंत

रक्ताची श्यानता स्थिर नसते. प्रवाह संथ झाला की ती वाढते. पण थरांमधील वेगाचा उतार सेकंदाला १०० च्या वर असेल तेथे ती जवळपास स्थिर राहते, आणि अडथळ्याच्या आत तो हजारोंत असतो. दाबातील घट हवी असेल, तर स्थिर श्यानता पुरते. अडथळ्यामागच्या संथ भोवऱ्यांचा अभ्यास करायचा असेल, तर वेगाच्या उतारानुसार श्यानता बदलणारे कॅरो प्रारूप घ्यावे. ओपनफोममध्ये ते बर्डकॅरो या नावाने मिळते.

भिंत पहिल्या प्रारूपात ताठरच धरावी. कॅल्शियम साचलेली हृदयधमनी तशीही फारशी ताणली जात नाही, आणि लवचीक भिंत घेतली की काम कित्येक पटींनी वाढते.

सीमाअटी

प्रारूपाच्या टोकांना वेग किंवा दाब किती, हे सांगणाऱ्या अटी म्हणजे सीमाअटी. निकाल खराब येण्याचे सर्वात मोठे कारण येथे असते. मेशवर महिना घालवून सीमाअटी कोणत्या तरी जुन्या प्रबंधातून उचलणे हा प्रकार सर्रास दिसतो.

प्रवेशाकडे वेगाचा काळानुसार बदलणारा आलेख द्यावा. हृदयधमनीसाठी मानेतल्या कॅरोटिड धमनीचा आलेख वापरू नये: डाव्या हृदयधमनीत रक्त मुख्यतः हृदय सैल पडते तेव्हा वाहते, कारण आकुंचनाच्या वेळी स्नायूच तिच्या फांद्या दाबून धरतो. स्पंदनाचा वेगाच्या आकारावर किती परिणाम होतो, हे वोमर्स्ली अंकावरून कळते. १९५५ मध्ये जॉन वोमर्स्ली यांनी मांडलेला हा अंक ३ मिमीच्या हृदयधमनीत दोन-अडीचच्या घरात येतो, तर ६ मिमीच्या कॅरोटिडमध्ये चार-पाचच्या. हृदयधमनीत त्यामुळे प्रवेशाकडे परवलयाकार वेग धरला तरी फारसे बिघडत नाही. फक्त सरासरी एफएफआर हवा असेल, तर पहिला रन स्थिर प्रवाहाचा केला तरी चालतो.

निर्गमनाकडे ‘दाब शून्य’ ही अट घालण्याचा मोह आवरावा. धमनीला दोन फांद्या असतील आणि दोन्हींना शून्य दाब दिला, तर कोणत्या फांदीत किती रक्त जाईल हे ती फांदी स्कॅनमध्ये कोठे कापली गेली यावर ठरते, शरीरावर नाही. पलीकडच्या बारीक रक्तवाहिन्यांचा रोध प्रत्येक फांदीला जोडावा. प्रवाह व्यासाच्या घनाच्या प्रमाणात, म्हणजे रोध त्याच्या व्यस्त प्रमाणात, वाटणे हा १९२६ चा मरेचा नियम आहे; हृदयधमन्यांसाठी घातांक तीनपेक्षा थोडा कमी घेतला तर अधिक जुळते. प्रवाह स्पंदनशील असेल, तर रोधाबरोबर धारकताही, म्हणजे लवचीक रक्तवाहिन्यांची रक्त साठवून धरण्याची क्षमताही, जोडावी. ऑटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये मांडलेल्या विंडकेसल कल्पनेचा तीन घटकांचा प्रकार त्यासाठी रूढ आहे. सिमव्हॅस्क्युलरमध्ये तो तयार मिळतो, हृदयधमन्यांसाठीची वेगळी सीमाअटही मिळते; ओपनफोममध्ये थोडे कोड लिहून जोडता येतो.

या अटीने किती फरक पडतो, ते आपल्याच उदाहरणात पाहावे. वर आपण प्रवाह तिप्पट आहे असे ठरवून टाकले होते, म्हणजे अडथळा कितीही वाढला तरी तेवढेच रक्त ढकलले जाईल असे मानले. प्रत्यक्षात अडथळा वाढला की प्रवाह घटतो. म्हणून निरोगी धमनीत, ९० मिमी दाबाला, तिप्पट प्रवाह जाईल एवढा रोध पलीकडे जोडावा आणि प्रवाह किती राहतो हे समीकरणालाच ठरवू द्यावे. प्रवाहाचा उरलेला अंश ‘क’ मानला, तर १.५ मिमीच्या अडथळ्यासाठी ९०क = ९० − ९क − १३क² असे साधे वर्गसमीकरण मिळते आणि क सुमारे ०.८२ येतो. येथे नीलेकडचा दाब शून्य धरल्यामुळे हाच एफएफआर होय. आधीचे उत्तर ०.७६ होते. अडथळा तोच, रक्त तेच, मेशचा तर प्रश्नच नाही, आणि तरीही केवळ निर्गमनाची अट बदलल्याने रुग्ण ०.८० च्या रेषेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेला. व्यास १.३ मिमी घेतला तर ०.५३ ऐवजी ०.७२ येतो, आणि १.७ मिमीला ०.८७ ऐवजी ०.८९. अडथळा जितका तीव्र, तितकी ठरावीक प्रवाहाची अट अधिक फसवते.

तिप्पट हा आकडाही सगळ्यांना सारखा लागू होत नाही. मधुमेह असलेल्या किंवा आधी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णात बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या उघडत नाहीत. स्नायूच्या वजनावरून विश्रांतीचा प्रवाह आणि त्यावरून रोध ठरवण्याची पद्धत सीटीवरून एफएफआर काढणाऱ्या प्रणालींत वापरतात. त्यांपैकी हार्टफ्लो या कंपनीच्या प्रणालीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये मान्यता दिली.

रन लावल्यावर

वेळेचा टप्पा असा घ्यावा की अरुंद भागातही कुरंट अंक, म्हणजे एका टप्प्यात रक्त किती घटक ओलांडते तो आकडा, १ च्या खाली राहील. स्पंदनशील प्रवाहात पहिली दोन-तीन आवर्तने टाकून द्यावीत आणि सलग दोन आवर्तनांचे दाबाचे आलेख एकमेकांवर बसले की मगच आकडे घ्यावेत. रेसिड्युअल (समीकरणांत उरलेली चूक) खाली आले एवढ्यावर समाधान मानू नये. आत जाणारे आणि सगळ्या फांद्यांतून बाहेर पडणारे रक्त जुळते का, हे स्वतंत्रपणे पाहावे. निर्गमनातून रक्त मागे येऊ लागले की सॉल्व्हर डायव्हर्ज होतो, म्हणजे त्याचे आकडे भरकटतात. अशा वेळी वेळेचा टप्पा कमी करत बसण्याऐवजी नळ लांब करावा किंवा उलट्या प्रवाहासाठीचे स्थिरीकरण चालू करावे.

संक्षोभाचे, म्हणजे प्रवाहातील अनियमित खळबळीचे, साधे प्रारूप, उदाहरणार्थ के-एप्सिलॉन, येथे लावू नये. अडथळ्याआधी प्रवाह स्तरीय (थराथरांनी शांत वाहणारा) असतो, पुढे झोत तुटून काही अंतर संक्षोभी होतो आणि पुन्हा शांत होतो. ते प्रारूप हा बदल ओळखत नाही. २००७ मध्ये व्हर्गीस, फ्रँकेल आणि फिशर यांनी ७५ टक्के क्षेत्रफळ घटलेल्या नळीवर केलेल्या थेट गणनेत १००० रेनॉल्ड्स अंकाचा स्थिर प्रवाह अचूक सममित अडथळ्यात स्तरीयच राहिला, पण अडथळा व्यासाच्या ५ टक्क्यांनी एका बाजूला सरकवताच पुढे संक्षोभ उत्पन्न झाला. खरी धमनी कधीच सममित नसते. मेश पुरेसा बारीक ठेवून प्रारूपाविना सोडवणे, किंवा मोठे भोवरे थेट सोडवून फक्त लहान भोवऱ्यांसाठी प्रारूप वापरणारी लार्ज एडी पद्धत घेणे, हे दोनच मार्ग योग्य वाटतात.

रुग्णाच्या आकारावर जाण्याआधी आपली सगळी साखळी एखाद्या ज्ञात प्रयोगावर तपासावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा नोझलचा नमुना यासाठी उत्तम आहे: १२ मिमीची नळी, ४ मिमीचा अरुंद भाग, आणि त्या भागातील ५०० ते ६५०० रेनॉल्ड्स अंकांसाठी अनेक प्रयोगशाळांनी मोजलेले वेग सर्वांसाठी खुले आहेत.

निकाल वाचताना

ओपनफोमच्या असंपीड्य सॉल्व्हरमध्ये दाब घनतेने भागलेला असतो. पॅराव्ह्यूमध्ये दिसणाऱ्या आकड्याला १०६० ने गुणले की पास्कल मिळतात आणि त्यांना १३३.३ ने भागले की पाऱ्याचे मिलिमीटर. दाब अडथळ्याच्या अगदी मागे वाचू नये, कारण तेथे झोतामुळे तो तात्पुरता खाली गेलेला असतो आणि पुढे काही प्रमाणात सावरतो. कॅथलॅबमध्ये दाबमापक तार अडथळ्याच्या बरीच पुढे नेतात, तसेच आपणही आठ-दहा व्यास पुढे वाचावे.

भिंतीवरचा घर्षणताण निरोगी भागात आपल्या उदाहरणानुसार सुमारे १.९ पास्कल आणि अरुंद भागात १५ च्या आसपास येतो. रस मात्र कमी ताणाच्या जागांत असावा: ०.४ पास्कलच्या खालचा आणि दिशा बदलत राहणारा ताण जेथे आढळतो, तेथे चरबीचे थर साचण्याची प्रवृत्ती दिसते. रंगपट्टी आपोआप ठरू दिली तर १५ पास्कलच्या लाल ठिपक्याखाली ही जागा सरसकट निळी दिसते आणि नजरेतून सुटते. कमी ताणाचे चित्र ० ते २ पास्कल या ठरावीक पट्टीवर वेगळे काढावे.

डॉक्टरांकडे निकाल नेताना एकच एफएफआर नेऊ नये. आखलेला व्यास, अर्धा पिक्सेल कमी, अर्धा पिक्सेल जास्त, आणि या प्रत्येकासाठी दोन वेगवेगळे रोध, असे सहा आकडे एका कोष्टकात मांडावेत. ते सगळे ०.८० च्या एकाच बाजूला असतील, तर प्रारूप काही तरी सांगत आहे. दोन्ही बाजूंना विखुरले असतील, तर त्या रुग्णाचे उत्तर दाबमापक तारेनेच मिळेल आणि कोष्टकाखाली तसे स्पष्ट लिहावे.